दानीएलला तरी कुठे कळलं होतं

रविवारची उपासना झाली की आमची मंडळी इंदूरच्या छप्पन दुकानला पोहे खायला जातात आणि तिथे एक काका हमखास विषय काढतात, बायबलातल्या दानीएलच्या दर्शनातले २३०० दिवस, म्हणजे जगाचा शेवट कधी याचं गणित. मी लहान असताना ६६६, बायबलच्या शेवटच्या प्रकटीकरण पुस्तकातला त्या श्वापदाचा आकडा, म्हणजे बारकोड होता, मग क्रेडिट कार्ड झालं, मग चिप, हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर येईल ते. प्रकटीकरणाच्या काही जुन्या हस्तलिखितांत तो आकडा चक्क ६१६ आहे, आणि नीरो कैसराचं नाव हिब्रू अक्षरांत मांडून बेरीज केली की ६६६ येतात, नावाचं लॅटिन रूप घेतलं की ६१६. हे सांगितलं तर काका म्हणे, तू फार शिकलीस बाई.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने हेच २३०० धरले, दिवसाचं वर्ष केलं आणि इसवी सनपूर्व ४५७ पासून मोजलं. शेवटी त्याच्या लोकांनी ख्रिस्त परत येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली, कुणीकुणी उभं पीक शेतात सोडलं, आणि २३ ला सकाळ रोजच्यासारखी उजाडली.

मला धीर दिला तो दानीएलच्या त्याच आठव्या अध्यायाच्या शेवटाने. गब्रीएल देवदूत स्वतः दर्शन समजावतो, त्यातला मेंढा म्हणजे मेदी नि पारसी राजे, बकरा म्हणजे ग्रीसचा राजा, आपल्याला वाटतं चला, सुटलो. आणि शेवटी काय, तर दानीएल कित्येक दिवस आजारी, मग उठून राजाच्या कामाला लागला, दर्शन काही कुणाला कळलं नाही. म्हणजे देवदूताची शिकवणी लावून सुद्धा! आणि भला माणूस ऑफिसला गेला. (सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन, त्याने नव्या कराराच्या बहुतेक पुस्तकांवर भाष्य लिहिलं, प्रकटीकरणावर नाही. मला तो यासाठी आवडतो.)

बायबलातल्याच यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचे शेवटचे नऊ अध्याय मी आधी सरळ पलटायचे, नुसती मंदिराची मापं. आता तेच वाचते. यहुद्यांच्या बंदिवासाचं २५ वं वर्ष, यरुशलेम पडून १४ वर्षं झालेली, मंदिराची राख, आणि हा बाबा बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बसून दरवाज्यांची रुंदी लिहून घेतोय. आमची आजी नगरकडून लग्न होऊन इंदूरला आली, माहेरचं घर कधीच पडलेलं, तरी ओसरी किती खणांची, परसात काय कुठे, सगळं सांगत बसायची, आणि आम्ही मुलांनी कधी विचारलं नाही की आजी, हे परत बांधणार कधी. यहेज्केलचं मंदिर खरंच बांधायचं की ते नुसतं चिन्ह, यावर शतकानुशतकं भांडणं आहेत, चालू द्या. मला ४६ व्या अध्यायात अंगणाच्या चार कोपऱ्यांत चार स्वयंपाकाच्या जागा सापडल्या, प्रत्येक ४० हात लांब, ३० रुंद, भिंतीला लागून चुली. या चुलींवर कुणी व्हिडिओ का बनवत नाही कोण जाणे.