पाण्यातच सोडायची, तर एवढं व्हार्निश कशाला?

तळ्याकाठी फिरायला येणारे हे विचारतात, नात्यातले विचारतात, आणि मी बाल्कनीत ब्रश घेऊन बसलेलो दिसलो की समोरच्या बिल्डिंगमधले काका तर खिडकीतूनच विचारतात, "अहो, पाण्यातच सोडायची ना ही? मग एवढं चकचकीत कशाला? शोकेसमध्ये ठेवायची असती तर गोष्ट वेगळी." ही म्हणजे माझी शिडाची बोट. लाकडी, पाऊण मीटर लांब, एक डोलकाठी, दोन शिडं. सुकाणू आणि शिडाची दोरी रिमोटवर चालतात, बाकी सगळा कारभार वाऱ्याचा.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. काकांचं गणित नेमकं उलटं आहे. शोकेसमध्ये ठेवायची असती तर व्हार्निशच्या दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, भागलं असतं. पाण्यात सोडायची आहे म्हणूनच हातावर हात चढतात. चकाकी त्यात फुकटात मिळते.

यावर लगेच दुसरा प्रश्न येतो, आणि तो हमखास कोकणातल्या माणसाकडून. "आमच्याकडच्या होड्यांना कुठं असतं व्हार्निश? तेल पाजतात, संपलं." हा प्रश्न मला आवडतो, कारण तो बरोबर आहे. खऱ्या होडीची फळी चांगली जाड असते. दोन फळ्यांच्या सांध्यात कापूस आणि राळ ठासून भरलेली असते. होडी पाण्यात गेली की फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींवर दाबल्या जातात आणि सांधे आणखी घट्ट होतात. पावसाळाभर झापांखाली शाकारून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात ढकलली की सुरुवातीला थोडी गळते, मग आपली आपण थांबते, ते याचमुळे. मोठ्या लाकडी होडीला फुगायचंच असतं. तेल असतं ते फळी उन्हात तडकू नये आणि किड्यांनी खाऊ नये म्हणून. शिवाय सागवानाच्या अंगातच तेल. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका 1817 ची आहे, आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत पाण्यावर उभी आहे.

आता माझी बोट बघा. सांगाडा चार मिलिमीटर प्लायचा आणि त्यावर शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पट्ट्या, जाडीला जेमतेम तीन मिलिमीटर. शिवण हलकी असते, फारशी वाकडीतिकडी होत नाही आणि तासायला गोड. पट्ट्या एकमेकींना आणि सांगाड्याला चिकटवलेल्या. फट नाही, कापूस नाही, फुगायला जागाच नाही. लाकूड पाणी प्यालं की आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणजे प्रत्येक पट्टी शेजारणीला ढकलणार आणि प्लायचा सांगाडा जागचा हलणार नाही. मग एकतर गोंदाची रेघ उकलते, नाहीतर सांगाड्याच्या दोन फ्रेमच्या मधे पट्ट्या वर उचलल्या जातात. बोटीवरून हाताचं बोट फिरवलं तर ती लाट कळते, डोळ्यांना दिसायच्या आधी. मोठीला जे हवं, तेच लहानीला मारतं.

पट्ट्या लावणं हा खरा मजेचा भाग. सांगाडा फळीवर उलटा ठोकून घ्यायचा आणि एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे अशी लावत जायचं. एकाच बाजूच्या चार लावल्यात तर अख्खा सांगाडा पीळ खातो आणि ती बोट आयुष्यभर एका बाजूला वळत राहते. बोटीचा घेर मध्यभागी जास्त, टोकांना कमी. पट्टीची रुंदी मात्र सगळीकडे सारखी. म्हणून प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना रंध्यानं निमुळती करावी लागते, आणि शेजारच्या पट्टीशी कोन जुळावा म्हणून कडही तिरकी तासावी लागते. नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, वळण फार असतं. तिथं पट्टी गरम पाण्यात भिजवून, हातानं हळूहळू वाकवून, कपड्यांच्या चिमट्यांनी रात्रभर धरून ठेवायची. गोंद 'मरीन' लिहिलेलाच घ्यावा. साधा पांढरा गोंद पाण्यात पुन्हा मऊ होतो.

एवढं झालं की सगळ्यांना बाहेरून पॉलिश मारायची घाई होते. मी म्हणतो, आधी आतून. लाकडी मॉडेल बोटी बहुधा आतून मरतात. डेकचं झाकण कितीही घट्ट बसवा, सुकाणूच्या नळीतून, दोरीच्या भोकातून दोन-चार थेंब आत जाणारच. बाहेरची बाजू घरी आल्यावर पुसून वाळते. आतलं पाणी फ्रेमच्या कोपऱ्यात बसून राहतं, आणि झाकणाखाली तिथं वारा पोचत नाही. म्हणून डेक बंद करण्याआधी आतून पातळ इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारी, पाणी न शिरू देणारी राळ. ही अक्कल माझी नाही. गोव्यातल्या दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत नौदलासाठी 'म्हादेई' ही शिडाची बोट बांधली, ती लाकडाच्या गाभ्याला फायबरग्लासचं कवच देऊन. तिच्यावरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्या बोटीनं सोसलेलं पाणी आणि आमच्या तळ्यातलं पाणी यांची तुलना नको, पण लाकडाला वागवायची रीत तीच.

दुसरी चोरवाट म्हणजे भोकं. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकाकडून, जिथं रेषा कापल्या जातात तिथून. पितळेची कडी बसवायला तुम्ही छान व्हार्निश केलेल्या डेकला दीड मिलिमीटरचं भोक पाडलंत, की आतलं कोरं लाकूड उघडं पडलं. सुईच्या टोकावर इपॉक्सीचा थेंब घ्यायचा, भोकाच्या कडेला टेकवायचा; लाकूड तो आत ओढून घेतं, कड ओली होऊन गडद दिसते. तो सुकला की पुन्हा ड्रिल फिरवून कडी बसवायची. असं प्रत्येक भोकाला. कंटाळवाणं आहे, पण बोट यानंच टिकते.

मग बाहेरचं व्हार्निश. "आमच्या पॉलिशवाल्याकडे द्या, आरसा करून देईल," असंही सांगणारे असतात. देईल, शंकाच नाही. पण ते लाखेचं स्पिरिट पॉलिश. टीपॉयवर थंड पाण्याचा ग्लास ठेवल्यावर पांढरी गोल खूण उमटते ना, तेच पॉलिश. मेलामाइनचं पॉलिश कडक असतं, पण लाकूड जरा हललं की तडकतं. मला तेलाचं यॉट व्हार्निश लागतं. त्यात तेलाचं प्रमाण जास्त, म्हणून ते लवचिक राहतं, आणि उन्हातली अतिनील किरणं अडवणारा घटकही असतो. ऊन व्हार्निशमधून आरपार जातं आणि खालचं लाकूडच खराब करतं. मग वरचा थर पापडासारखा सुटतो. डेकला सागवान वापरलं असेल तर आधी थिनरनं पुसायचं, नाहीतर त्याचं स्वतःचं तेल व्हार्निशला धरू देत नाही.

हे व्हार्निश नुसतं उडून वाळत नाही. टर्पेंटाइन आधी उडतं, पण तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ, लाकडात जिरेल असा. पुढचे थोडे दाट, पण जाड कधीच नाही. वर साय धरते, खाली कच्चं राहतं आणि सुरकुत्या पडतात. डबा हलवायचा नाही, बुडबुडे येतात. फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, पंखा बंद, आणि घरातल्यांना दोन तास तिकडे फिरकू द्यायचं नाही. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड. दोन हातांच्या मधे चारशे नंबरच्या वॉटर पेपरनं घासायचं, सगळं एकसारखं मंद दिसेपर्यंत. कुठं चमकणारा ठिपका उरला तर तिथं खळगा आहे, पेपर पोचलेला नाही.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सुटते आणि बोळ्यात ती अडकून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

मग सात-आठ हात का देत नाही, हे विचारणाराही एक भेटतो. वजन होतं म्हणून. वीसपट लहान केलेल्या बोटीचं शीड चारशेपट लहान होतं, पण वजन आठ हजारपट कमी होतं, आणि वारा मात्र तोच. म्हणून तर खाली शिशाचा गोळा टांगावा लागतो. पाण्याच्या वर चढलेला प्रत्येक थर त्या गोळ्याच्या विरुद्ध काम करतो. माझा हिशेब असा: आधीचे हात बोटीसाठी. शेवटचा एक माझ्यासाठी, तेवढा शौक मान्य.

आणि हे सगळं दिवाळीनंतर. ठाण्यातल्या जुलैत व्हार्निश आठवडाभर चिकटच राहतं. मे अखेरीस बोट घरी आली की झाकण काढून तिला पंख्याखाली ठेवतो आणि टॉर्च लावून आत बघतो. कुठं लाकडात काळी रेघ दिसली तर पाणी शिरलंय. तेवढाच भाग खरवडून उघडा ठेवतो आणि डबा हिवाळ्यापर्यंत फोडत नाही. मधे काकांनी विचारलं, "काय, दिसत नाही हल्ली बोट?" तर सांगतो, "वाळतेय."