दुसऱ्यांच्या घरचा मंगळवार

आज ऑफिसातून यायला उशीर झाला, डोकं अजिबात चालत नव्हतं, घरात टोमॅटो आणि अंडी होती आणि फ्रीजमधे भात, मग सरळ टोमॅटो-अंडं टाकलं. चायनीजच, पण हॉटेलात त्या नावाखाली जे मिळतं त्याच्याशी ह्याचा काही संबंध नाही, चीनमधे घराघरात, कॅन्टीनमधे, एकट्या राहणाऱ्या पोरांच्या खोल्यांत जे शिजतं ते. कृती म्हणावी असं फार काही नाहीच. अंडी मीठ घालून फेटायची, तेल चांगलं तापवून त्यात ओतायची, ओतल्या ओतल्या कडा फुगून वर येतात, तेव्हा दोनचारदा उलथनं फिरवून थोडी ओलसर असतानाच बाहेर काढून ठेवायची. मग त्याच कढईत टोमॅटोच्या फोडी, मीठ आणि चिमूटभर साखर, हो साखर लागतेच, नाहीतर नुसतं आंबट होतं. टोमॅटो गळून दाटसर रस सुटला की अंडी परत आत, वरून कांद्याची पात, संपलं. सगळी गंमत त्या रसात आहे, तो भातात मुरला पाहिजे, म्हणून गॅस बंद करायची घाई केलेली बरी.

जेवताना परत तेच डोक्यात आलं म्हणून लिहून ठेवते. जगभरचं काहीतरी घरी करून बघू म्हटलं की आपण नेमके लोकांच्या कौतुकाच्या पदार्थांपाशी जाऊन पोचतो. सुशी काय, स्पेनमधला पाएया नावाचा भात काय. सुशी जपानी माणूससुद्धा बहुतेकदा बाहेरच खातो नाहीतर विकत आणतो, आणि पाएया म्हणजे व्हॅलेन्सियात रविवारी दुपारी माणसं जमली की करायचा प्रकार, तो आपण एकटीने रात्री आठ वाजता करायला घेतला तर वैतागच येणार ना. मी आता कुठल्याही देशाबद्दल एवढंच शोधते की तिथलं दमलेलं माणूस मंगळवारी रात्री काय करून खातं. आणि गंमत म्हणजे उत्तर जवळपास सगळीकडे तेच निघतं, काहीतरी धान्य, काहीतरी डाळ नाहीतर अंडं, कांदा, आणि चव आणायला एखादी गोष्ट.

ती चव आणायची गोष्ट मात्र महत्त्वाची. जपानमधलं मिसो सूप, म्हणजे मिसो ही आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट घालून केलेलं, बघायला गेलं तर पाणीच, पण त्या पाण्यात कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ मुरवलेलं असतं. १९०८ साली किकुनाए इकेदा ह्या टोकियोतल्या केमिस्टने त्यातून ग्लुटामेट वेगळं काढून दाखवलं, तोंडाला भरल्यासारखं का वाटतं त्याचं कारण ते. पिकलेल्या टोमॅटोतही ते भरपूर असतं, त्यामुळे टोमॅटो आणि अंडं ही जोडी ट्युनिशियाकडच्या शक्शुकामधेही तितकीच जमून येते, फक्त तिथे जिरं-लाल मिरची पडते आणि अंडी न फेटता सरळ रश्श्यात फोडतात. मिसोचं एक मात्र आहे, गॅस बंद केल्यावरच घालायचं, उकळलं की त्याचा वास उडून जातो.

माझं सगळ्यात लाडकं म्हणाल तर मुजद्दरा. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन तिकडचं, अख्खा मसूर आणि तांदूळ आणि वर तळलेल्या कांद्याचा ढीग. १२२६ साली बगदादमधे लिहिल्या गेलेल्या पाककृतींच्या पुस्तकात सापडतो म्हणे, तिथे मांसही आहे त्यात, पण गरिबाघरी आणि उपासाच्या दिवसांत बिनमांसाचाच होत आलाय. ह्यात कष्ट फक्त कांद्याचे. 'कांदा सोनेरी होईपर्यंत पाच मिनिटं परता' असं लिहिणाऱ्यांनी आयुष्यात कधी कांदा परतलाय का हा मला खरंच पडलेला प्रश्न आहे. चांगले चार मोठे कांदे उभे चिरून, भरपूर तेलात, मध्यम आचेवर, अर्धा पाऊण तास सहज लागतो. आधी पाणी सुटतं, मग मऊ पडून कढईच्या तळाशी बसतात, आणि इथे बरेच लोक कंटाळून थांबतात, पण खरा रंग त्यानंतरच्या दहा मिनिटांत येतो, कडा काळपट व्हायला लागल्या की मगच काढायचे. त्यातला अर्धा कांदा आणि ते गोडसर तेल मसूरभातात ढवळायचं, अर्धा कुरकुरीत वर, बाजूला दही. तेल कमी करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

लसूण-तेलातली नेपल्सची स्पगेटी पंधरा मिनिटांत होते, त्यात लसूण करपू द्यायचा नाही आणि पास्त्याचं पिठूळ पाणी थोडं राखून ठेवायचं, तेल आणि पाणी त्याच्यामुळेच मिळून येतं. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

लेक आज विचारत होती, "आई, तिकडे पण हे असंच लागतं का गं?" आता मला काय माहीत, तिकडेही दोन घरांत सारखं लागत नसणारच. उरलेला भात आणि बीन्स परतून केलेला गायो पिंतो खरा कोणाचा ह्यावरून कोस्टारिका आणि निकाराग्वावाले तर अजून एकमेकांशी वाद घालतात, एकीकडे बहुतेक काळे बीन्स, दुसरीकडे लाल, आणि दोघंही तो सकाळच्या नाश्त्याला खातात. तिला म्हटलं तू सांग तुला आवडलं का, तर म्हणे कांद्याची पात काढून टाक. बरं.

अशा परतायच्या भाताला आदल्या दिवशीचाच भात बरा, इंडोनेशियातला नासी गोरेंगही तसाच, गार झाला की त्यातला स्टार्च घट्ट होतो, शितं मोकळी होतात. पण रात्रभर ओट्यावर राहिलेला भात नको, शिजवूनही न मरणारे जंतूंचे बीजाणू असतात तांदळात, ते उबेत वाढून विष तयार करतात आणि ते परत गरम करून जात नाही. दोन तासांच्या आत फ्रीजमधे.

उद्यासाठी बीन्स भिजत टाकलेत, काळे नव्हते म्हणून राजमाच. उद्या पाणी बदलून कुकरला लावीन. स्लो कुकर असेल त्यांनी मात्र राजमा आधी वेगळा खळखळून उकळून घ्यायचा, अर्धा तास तरी, त्या मंद आचेवर त्याच्यातला लेक्टिन नावाचा विषारी घटक जात नाही आणि पोटाचे भयंकर हाल होतात.