नळी घालू की तसंच?

गुहागरच्या किनाऱ्यावर शहाळी विकणारे काका कोयत्याच्या तीन घावांत शहाळ्याचे तोंड मोकळे करतात आणि मान वर न करताच विचारतात, "नळी घालू की तसंच?" पूर्वी न मागताच रंगीत प्लास्टिकची नळी मिळायची; १ जुलै २०२२ पासून देशभर तिच्यावर बंदी आली आणि गाडीवर कागदी नळ्यांचा पुडा आला. ही नळी महाग, शिवाय शहाळे अर्धे होईतो तिचे तोंड चिकटून बसते. (लहानपणी पपईच्या देठाने पिण्याचा प्रयोग मी केला होता; चिकाचा कडूपणा दिवसभर गेला नाही.) हल्ली मी शहाळे सरळ तोंडाला लावतो. पाणी कोपरापर्यंत ओघळते, सदऱ्यावर डाग पडतो. माझ्या त्यागाची किंमत एवढीच.

आजीला मात्र ती परवडली नसती. अर्धांगवायूनंतर फुलपात्र ओठांना लावले की अर्धे पाणी मानेखाली जाई आणि उरलेल्याचा ठसका लागे. मधोमध वाकणारी नळी आणली, त्या दिवशी कोणी न भरवता तिने वाटीभर पेज संपवली आणि नळी धुऊन उशाशी ठेवायला लावली. गरम पेजेत कागद टिकत नाही आणि स्टीलची नळी वाकत नाही.

जमेच्या बाजूला कासव आहे. २०१५ मध्ये कोस्टारिकाच्या समुद्रात संशोधकांनी एका कासवाच्या नाकपुडीतून प्लास्टिकची नळी पकडीने ओढून काढली, ते दृश्य जगभर पाहिले गेले. ते ऑलिव्ह रिडले होते, म्हणजे वेळास, आंजर्ले आणि आमच्या गुहागरला अंडी घालायला येते त्याच जातीचे. परंतु पावसाळ्यानंतर भरतीच्या रेघेवरून चालताना पायांत येतात ते नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, दोरखंड, थर्माकोल आणि बाटल्यांची बुचे, नळी क्वचितच. जाळ्याविषयी बोलताना माझाही आवाज खाली येतो, कारण ताटातली सुरमई काही पोहत घरी आलेली नसते.

परवा वाळूतून डोकावणारे एक हिरवे जाळे मी ओढू लागलो. हातभर वर आले आणि पुढे हलेना. काकांनी गाडीवरचा कोयता आणून दिला. निघाले तेवढे कापून घेतले, बाकीचे वाळूतच राहिले.