नदीसाठी ९९० कोटी आणि सोलापूरची मावशी

फेब्रुवारी २०२४ मधला तो व्हिडीओ आठवतोय का, पुण्यात केशवनगर-खराडीकडे नदीवर डासांचा भोवरा उभा राहिलेला? मला तो सोलापूरच्या मावशीने पाठवला, खाली लिहिलेलं, "अगं हे तुझ्या घराकडचंच ना?" मी हो म्हटलं तर लगेच, "तुमचं हे पाणी शेवटी आमच्याकडंच येतंय बघ."

तिचं काही खोटं नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमेचं पाणी उजनीत, आणि उजनीचं सोलापूर पितं. म्हणजे आपण पुणेकर जे फ्लश करतो ते... जाऊ दे, जेवताना वाचत असाल तर सॉरी.

बरं पैसे नाहीत म्हणावं तर तसंही नाही! नदी स्वच्छ करायचा जायकाचा (जपानची सरकारी मदतसंस्था) प्रोजेक्ट जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाला, ९९० कोटींचा, जपानकडून कर्ज केंद्र सरकारने घ्यायचं आणि ८५ टक्के रक्कम महापालिकेला अनुदान म्हणून द्यायची, पालिकेने घालायचे फक्त १५ टक्के. ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटर, मुदत जानेवारी २०२२. मग टेंडरं चढ्या दराने आली, ती रद्द झाली, परत काढली, काही ठिकाणी जागाच ताब्यात नाही, असं करत करत मुदत संपायची वेळ आली तेव्हा कुठे कामाला हात लागत होता.

पण मला खरी धास्ती पुढची आहे. बांधायला दिल्लीहून पैसे येतात हो, पण शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं की त्याचे पंप, माणसं, दर महिन्याचं लाईट बिल, हे वर्षानुवर्षं कोण भरणार? नारळ फोडायला सगळे येतात, लाईट बिलाला कोणी येत नाही.

आणि पालिकेला कशाला बोलू, आमच्याच सोसायटीत एसटीपी म्हणजे मैलापाणी शुद्ध करायचा छोटा प्लांट आहे, बिल्डरने परवानगीसाठी बसवलेला, कमिटीने बिल वाचवायला तो रात्रीचा बंद ठेवायचा ठरवला, मीटिंगला मीपण होते, मेंटेनन्स वाढणार नाही म्हटल्यावर मीही गप्प बसले.

मावशीला हे सांगितलेलं नाही. ती मे महिन्यात येतेय, शेंगाचटणी घेऊन. म्हणाली, "आल्यावर तुमच्याकडचं पाणी पोटभर पिऊन घेते, एकदा तरी तुम्ही वापरायच्या आधीचं."