अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून निघालेला धूर

सैन्याच्या ईएमई कोअरमध्ये, म्हणजे वाहने आणि उपकरणे दुरुस्त ठेवणाऱ्या दलात, वाहनांचा इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी पूर्ण केल्यावर मी ऐरोलीत स्थायिक झालो आणि आता रबाळे एमआयडीसीतील एका वर्कशॉपमध्ये जड वाहनांच्या वायरिंगचे काम पाहतो. गेल्या जुलैत तिथे एक ओळखीची गाडी आली. तोफखान्यात तोफ ओढण्यासाठी वापरतात त्या प्रकारची, जिला आम्ही ‘गन टोअर’ म्हणत असू. सैन्याने निकालात काढल्यावर भिवंडीच्या एका व्यावसायिकाने ती लिलावात घेतली होती आणि तिच्यावर क्रेन बसवून घोडबंदर रस्त्यावर बंद पडलेले ट्रक ओढण्याचा त्याचा विचार होता.

तक्रार अशी की, पावसाळा लागल्यापासून सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरतो आणि कधी कधी फिरतच नाही. आधीच्या गॅरेजने दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या होत्या, सेल्फ बदलला होता आणि चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, झकास हिरवा रंगही मारून दिला होता. (तोफखान्यात ‘बॅटरी’ म्हणजे सहा तोफांची तुकडी, त्यामुळे ‘बॅटरी बसली’ या निरोपावर आम्ही पूर्वी पुष्कळ हसलो आहोत.) बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये होत्या आणि मीटरवर 25.2 व्होल्ट दिसत होते, म्हणजे त्या पूर्ण भरलेल्या होत्या. आमच्याकडच्या तरुण मुलाने इंजिन ते चेसिस अशी अर्थिंग, म्हणजे करंटच्या परतीची जोडणी, मीटरने तपासली आणि म्हणाला, “काका, अर्थ ओके आहे, बीप येतोय.” जोडणी सलग असली की मीटर बीप देतो.

चाकांना अडणी लावून, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून मी सेल्फ मारायला सांगितले. तिसऱ्या खेपेस पेडलच्या बाजूने जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि पाठोपाठ धूर. वायरिंग शॉर्ट झाले असे समजून मुलाने हात घातला आणि ओरडून मागे घेतला. त्याच्या बोटांना चटका बसला होता तो अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचा, जिच्यात वीज खेळण्याचे काही कारणच नाही.

मी मेन स्विच बंद केला आणि चेसिसला जाणारी निगेटिव्ह केबल आधी सोडवली. हा क्रम मी कोणालाच मोडू देत नाही. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर त्या पान्यातून शेकडो अँपिअर जातात आणि रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या पेटीत हायड्रोजन साचलेला असेल तर एक ठिणगी पुरते. माझ्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याचा डाग आहे. तो नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हाच क्रम चुकल्याचा आहे. त्या मुलाला मी बोटातली अंगठी काढून खिशात ठेवायला लावली.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याचा चेसिसशी विजेचा संबंध तांब्याच्या विणलेल्या अर्थ पट्टीनेच येतो. ती पट्टी निकामी झाली की सेल्फचा परतीचा करंट मिळेल त्या धातूतून वाट काढतो, आणि इथे त्याला अ‍ॅक्सिलरेटरची पोलादी केबल सापडली होती. ती तापते, आणि डिझेलचा पाइप तिच्यापासून वीतभर अंतरावर होता.

मग अग्निशामक जवळ ठेवून आणि ती केबल इंजिनकडून पूर्ण मोकळी करून मी निगेटिव्ह पुन्हा जोडली. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकला धरून दोनच सेकंद सेल्फ मारायला लावला. सेल्फने नुसते ‘टक्’ केले आणि मीटरवर 18 व्होल्ट आले. जिथे जेमतेम अर्धा व्होल्ट दिसायला हवा, तिथे विजेचा बहुतांश दाब खर्ची पडत होता. गंमत म्हणजे, मेन स्विच बंद करून पुन्हा तपासले तेव्हाही बीप वाजतच होता. बीपसाठी मीटर मिलिअँपिअरच्या आसपासचा करंट सोडतो, त्याला दोन-चार तारा पुरतात. सेल्फला त्या कशा पुरणार?

गाडीखाली सरकून पाहिले तेव्हा पट्टी बाहेरून अखंड, हिरव्या रंगाने लिंपलेली दिसली. लगपाशी (पट्टीच्या टोकाची, बोल्टने आवळायची धातूची कडी) ब्लेडने खरवडल्यावर आतून मोरचुदासारखी पूड गळाली आणि हाताने किंचित वाकवताच ती तुटून माझ्या तळव्यावर आली. शाबूत तारा मोजून पाच होत्या. शिवाय लगच्या खाली चेसिसवरही रंगाचा थर होता, म्हणजे पट्टी चांगली असती तरी बोल्टच्या आट्यांवरच करंटचा सगळा भार आला असता.

नवी पट्टी टाकताना दोन्ही जागा चकचकीत होईपर्यंत घासल्या, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळले आणि ग्रीस त्यानंतरच लावले. पुन्हा मोजले तेव्हा 0.3 व्होल्ट आले आणि इंजिन पहिल्याच झटक्यात लागले.

मालक गाडी न्यायला आला तेव्हा केबल बदलण्यावरून वाद झाला, कारण त्याच्या मते ती चालत होती. मी ती जुनी केबल त्याच्याच हातात दिली. आतले अस्तर वितळून घट्ट झाले होते. त्याने ओढलेली तार अर्ध्यावर अडकली आणि सोडल्यावरही परत गेली नाही. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर असा अडकला तर काय होईल हे त्याला सांगावे लागले नाही. नवी केबल यायला दोन दिवस लागले आणि तोपर्यंत गाडी आमच्या शेडमध्येच उभी राहिली.