तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी मोठी मूळ संख्या शोधायची कशाला?

माझा संगणक रात्रभर मूळ संख्या शोधत असतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘उपयोग काय? बँकेच्या सुरक्षेला लागतात का या?’

नाही. तिथे काहीशे अंकी मूळ संख्या पुरतात. ल्यूक ड्युरंट यांना ऑक्टोबर २०२४मध्ये सापडलेली, २चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १ ही संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. उपयोगच हवा असेल, तर या शोधाच्या ‘प्राइम९५’ सॉफ्टवेअरमुळे २०१६मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोष उघडकीला आला. पण मी त्यासाठी शोधत नाही.

मला ओढ आहे ती या मर्सेन संख्यांच्या, म्हणजे २चा कुठलातरी घात वजा १ अशा संख्यांच्या, चाचणीची. घातांक मूळ असावा लागतो, पण तेवढ्याने भागत नाही: २चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. मग ठरवायचं कसं? ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करून शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही. ३१ला घातांक ५, म्हणून पायऱ्या तीन: १४, मग १९४, बाकी ८, मग ६२, बाकी ०. कागदावर एकदा करून बघाच. गणिती एदुआर ल्युका यांची ही कल्पना, पुढे लेहमर या गणितींनी पक्की केलेली. आता पहिली चाळणी दुसऱ्या चाचणीने लावतात, पण सापडलेल्या संख्येवर शिक्कामोर्तब हीच करते. मोठ्या घातांकाला पायऱ्या कोट्यवधी, आणि दर पायरीला कोट्यवधी अंकांचा वर्ग. म्हणून जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या ‘जिम्प्स’ प्रकल्पात जगभरचे लोक घातांक वाटून घेतात.

बहुतेकांच्या वाट्याला ‘मूळ नाही’ हेच उत्तर येतं, माझ्याही. मला ते वाया गेलेलं वाटत नाही. या संख्यांना ज्यांचं नाव आहे त्या मर्सेन यांनी १६४४मध्ये मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या आपल्या यादीत ६७ हा घातांक घातला होता. १८७६मध्ये ल्युका यांनी ती संख्या मूळ नसल्याचं दाखवलं, तेही तिचा एकही अवयव हाती नसताना. अवयव मिळाले १९०३मध्ये, फ्रँक नेल्सन कोल यांना: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. मधली सत्तावीस वर्षं ल्युकांचं ‘नाही’ एकटंच उभं होतं, आणि ते पूर्ण खरं होतं. तसं एखादं ‘नाही’ सिद्ध करायला माझी वीज खर्च होते, आणि मी ती आनंदाने खर्च करतो.