शाळेच्या आधी वॉर्ड बघा

प्रवेशाचे दिवस जवळ आले की इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागात एकच प्रश्न फिरतो: आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या 25 टक्के मोफत जागांतून, अमुक शाळा मिळेल का? पण शाळेच्या नावापासून सुरुवात केली की निम्मे अर्ज तिथेच फसतात. सुरुवात वॉर्डापासून करायची.

त्यातच पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचे व्हॉट्सॲप संदेश येतात. 1 किलोमीटरचं अंतर, 1 लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला वगैरे. ते नियम महाराष्ट्राचे. कायदा 2009 चा, केंद्राचा आणि सगळीकडे एकच आहे, पण नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. मध्य प्रदेशात शहरातला ‘पडोस’, म्हणजे शाळेचा शेजार, वॉर्डावरून ठरतो. इंदूरचे वॉर्ड 85. आधी आपल्या वॉर्डातल्या मुलांचा विचार होतो, मग लागून असलेल्या वॉर्डांचा. दुसरा मोठा फरक पात्रतेत आहे. इथे दुर्बल गटासाठी बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालची नोंद, लागतं, नुसता उत्पन्नाचा दाखला चालत नाही. अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांग मुलांना बीपीएलची अट नाही. ओबीसी असाल आणि बीपीएल नसाल, तर अर्ज भरून उपयोग नाही.

आता कागद. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीतला क्रमांक), आधार, जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मराठी घरांत एक चूक हमखास सापडते. जन्मदाखल्यावर आणि आधारवर आपण मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही लिहितो. समग्रची नोंद करणारा इथल्या रिवाजाप्रमाणे फक्त नाव आणि आडनाव टाकतो. झाली दोन वेगळी माणसं! आईचं लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, ही त्याच जातीची दुसरी चूक. भाड्याचं घर बदललं असेल तर समग्रमध्ये जुनाच वॉर्ड राहिलेला असतो. समग्रमधल्या चुका नगर निगमच्या (महापालिकेच्या) झोन कार्यालयातून दुरुस्त होतात, पण त्याला दिवस लागतात. अर्जाची मुदत सुरू झाल्यावर धावाधाव केली की हुकतंच. बीपीएलची नोंदही समग्रवर सत्यापित दिसते का, ते तेव्हाच बघून घ्या. हातात कार्ड असणं पुरेसं नाही.

25 टक्के जागा शाळेच्या प्रवेश-वर्गात असतात. शाळेत नर्सरी असेल तर त्या नर्सरीतच भरतात. 40 मुलांची तुकडी असेल तर 10 जागा. ‘पहिलीत घालू, अजून लहान आहे’ म्हणून थांबणाऱ्यांना पुढे त्या शाळेत जागा मिळेल याचा भरवसा नाही. यादीत शाळा भरतानाही नीट विचार करा. जिथे मूल खरंच रोज पाठवू शकाल तेवढ्याच शाळा टाका. लॉटरीत लागलेली जागा नाकारून पुढच्या फेरीच्या आशेवर बसणं शहाणपणाचं नाही. मुलाखत, चाचणी, डोनेशन हे सगळं याच कायद्याच्या कलम 13 प्रमाणे बेकायदा आहे. शाळेने ‘जरा बोलायला या’ म्हटलं तरी तेच.

‘सरकार फी भरतं’ असं आपण म्हणतो, तेही अर्धवट. कलम 12(2) म्हणतं: सरकारचा स्वतःच्या शाळेत दर मुलामागे होणारा खर्च किंवा या शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली कमी असेल ती रक्कम शाळेला मिळणार. समजा सरकारचा आकडा 6,000 आहे. वर्षाला 30,000 घेणाऱ्या शाळेला 6,000 मिळतील आणि 4,500 घेणाऱ्या गल्लीतल्या शाळेला 4,500. म्हणजे महागड्या शाळेला प्रत्येक जागेमागे खड्डा, छोट्या शाळेला मात्र हा चक्क आधार, फक्त पैसे वेळेवर आले तर. वह्या, गणवेश, बस, सहल यांवरून कुरबुरी इथूनच सुरू होतात. बसचे पैसे आपल्यालाच भरायचे आहेत असं धरून चाला आणि बाकीचं प्रवेशाच्या दिवशीच लेखी विचारा.

यादीत कॉन्व्हेंट का नाही, हाही नेहमीचा प्रश्न. 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना 25 टक्क्यांतून वगळलं, 2014 मध्ये अनुदानितांनाही. मदरसे आणि वेदपाठशाळा 2012 च्या दुरुस्तीनेच कायद्याबाहेर गेल्या. सप्टेंबर 2025 मध्ये दोन न्यायमूर्तींनी 2014 च्या निकालावरच शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. बहुसंख्याकांच्या संस्थेने चालवलेल्या शाळेत वातावरण कितीही धार्मिक असलं, तरी तिला ही सूट नाही. आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित, कुठलीही शाळा असो, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत मुलाला बसवायचं तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 28(3) प्रमाणे पालकांची संमती लागते.

आपल्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही ती गंमत अशी, की अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद 30 मधला अल्पसंख्याक भाषेनेही ठरतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या टी. एम. ए. पै निकालाप्रमाणे मोजमाप राज्याच्या पातळीवर होतं. म्हणजे मध्य प्रदेशात आपण मराठी भाषिक अल्पसंख्याक. एखाद्या मराठी संस्थेच्या शाळेने तो दर्जा मिळवला तर तीही 25 टक्क्यांतून सुटू शकते. कायद्याने हक्क आहे. पण रिकाम्या बाकांची तक्रार करणाऱ्या संस्थांनी ही पळवाट शोधावी हे मला पटत नाही. 25 टक्क्यांतून येणारी मुलं आणि त्यांच्यामागचा परतावा दोन्ही त्यांना हवेच आहेत.

शेवटी नववी. कायद्यातलं मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे, त्यानंतर त्याच वर्गात, त्याच बाकावर पूर्ण फी लागते. मध्य प्रदेशचा 2017 चा फी कायदा ज्या शाळांना लागू आहे, त्यांना 10 टक्क्यांहून जास्त वाढीला जिल्हा समितीची आणि 15 टक्क्यांच्या वर राज्य समितीची मंजुरी लागते, पण हा लगाम वाढीला आहे, मूळ फीला नाही. तेव्हा नर्सरीचा अर्ज भरताना शाळेच्या सूचनाफलकावर नववीची आजची फी वाचा आणि बारा महिन्यांनी भागून बघा.